टपालपेटी बसवताना : फट, उतार आणि नावाची पाटी

नवी टपालपेटी घ्यायची म्हटली की लोक आधी फाटकाला शोभणारा रंग बघतात. बघायला हवं ते घरी येणारं टपाल. जुनी पेटी बदलायची ठरल्यावर आम्ही दाराशी एक रिकामं खोकं ठेवलं आणि महिनाभर आलेलं प्रत्येक पाकीट, मासिक, माहितीपत्रक, ‘घरी कोणी भेटलं नाही’ची चिठ्ठी असं सगळं त्यात जमा केलं. मग मोजपट्टी घेऊन लांबी, रुंदी आणि जाडी लिहून काढली. जाडी लिहायला बहुतेक जण विसरतात आणि पेटी फसते ती तिथेच.

पाकिटांची मापं ठरलेली असतात, त्यामुळे हिशेब सोपा आहे. तीन घड्यांचं पत्र येतं ते लांबट पाकीट ११० × २२० मिमी, ते कुठल्याही पेटीत जातं. ए४ कागद एकदा दुमडून ज्यात बसतो ते सी५, १६२ × २२९ मिमी. आणि ए४ न दुमडता ज्यात येतो ते सी४, २२९ × ३२४ मिमी. घरात महत्त्वाचं म्हणून जे येतं, म्हणजे दाखले, करारपत्रं, विम्याची कागदपत्रं, तपासण्यांचे अहवाल, ते नेमकं सी४ मध्ये येतं आणि त्यावर ‘दुमडू नये’ असं लिहिलेलं असतं. म्हणून पेटीचं माप सी४ वरून ठरवायचं. बाकीचं त्यात आपोआप मावतं.

पाकीट आडवं आत सरकणार असेल तर फट किमान ३२५ मिमी रुंद हवी, उभं सरकणार असेल तर किमान २३० मिमी. फटीची उंची ३० ते ३५ मिमी. ही मापं आमच्या मनाची नाहीत. खासगी टपालपेट्यांसाठीचं ईएन १३७२४ हे युरोपीय मानक फटीसाठी हेच आकडे देतं आणि वापरून पाहिल्यावर ते का निवडले ते पटतं. २० मिमीच्या फटीत मासिक जातच नाही, आणि ५० मिमीच्या फटीतून सडपातळ हात सहज आत जातो. ३५ च्या आसपास दोन्ही अडचणी टळतात.

फट पुरेशी रुंद आणि आतली जागा मात्र अपुरी, असा दोष बाजारातल्या पेट्यांत सर्रास आढळतो. बाहेरचं माप ३५० मिमी छापलेलं असतं, पण दाराची चौकट, बिजागरी आणि कुलपाची जीभ यांनी आत ३०५ च उरतात. सी४ पाकीट मग तिरकं अडकतं, वरचा कोपरा फटीतच राहतो आणि पुढचं टपाल त्याच्यावर थांबतं. विकत घेण्याआधी ए४ मापाचा जाड पुठ्ठा सी४ पाकिटात घालून दुकानातच टाकून बघावा. तो एका हाताने, न दाबता, सबंध आत पडला पाहिजे. एका हाताने असं म्हणतो कारण पोस्टमनच्या दुसऱ्या हातात गठ्ठा असतो. बाहेरची झडप उचलून धरायची आणि मग टाकायचं, अशी दोन हातांची पेटी असेल तर घाईत पाकीट अर्धवट खोचून ठेवलं जातं. त्यात पोस्टमनचा दोष नाही, पेटीचा आहे.

अर्धवट राहिलेल्या पाकिटाने नुकसान किती होतं हे पावसात कळतं. बाहेर राहिलेला कागद भिजतो आणि दिव्याच्या वातीसारखं पाणी आत ओढत नेतो. तळाशी पडलेलं कालचं, परवाचं टपालही ओलं होतं. पेटीचं छप्पर कितीही चांगलं असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही. म्हणून फटीच्या कडा आम्ही बोटाने चाचपून पाहिल्या आणि जिथे धार लागली तिथे बारीक कानशीने घासून गोल केल्या, वर प्रायमर आणि रंगाचा हात दिला. धारदार कडेत कागद अडतो, टाकणाऱ्याच्या बोटालाही ती लागते. झडपेची स्प्रिंग फार कडक असेल तर बदलून नरम घालावी. झडप स्वतःच्या वजनाने बंद होत असेल तर स्प्रिंग नसलेलीच बरी.

धातूचा विचार थोडक्यात सांगतो. जस्तलेपित पत्रा, त्यावर पावडर कोटिंग, हे घरगुती वापराला पुरतं. पत्रा १ मिमीपेक्षा पातळ नको, नाहीतर दार पिळवटून उघडता येतं. गंज नेहमी कापलेल्या कडेवर आणि भोकांपाशी सुरू होतो, कारण तिथे लेप नसतो. समुद्राजवळ स्टेनलेस स्टील घ्यावं, आणि त्यातही ३१६ प्रत मिळाली तर उत्तम. स्टेनलेसच्या पेटीला साधे लोखंडी स्क्रू मात्र लावू नयेत. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल आली की स्क्रू पेटीच्या आधी खाऊन जातो. लाकडी पेटी दिसते छान, पण पावसाळ्यात दार फुगून बसतं. ती आडोशाखालीच लावावी. उन्हात राहणाऱ्या पेटीला फिका रंग द्यावा. गडद रंगाचा पत्रा भर उन्हात एवढा तापतो की प्लॅस्टिकची कार्डं वाकतात आणि पाकिटाचा गोंद सुटतो.

जागा निवडताना पोस्टमनची वाट स्वतः चालून पाहिली. रस्त्यावरून येऊन, फाटक न उघडता, कुत्र्याच्या साखळीच्या टप्प्यात न जाता, कुंड्या न ओलांडता फटीपर्यंत हात पोचतो का? पायाखाली शेवाळ धरतं का? काटेरी झुडूप वाढून फटीवर येईल का? संध्याकाळी पाटी वाचता येईल एवढा उजेड तिथे पडतो का? फाटक उघडावं लागणारी पेटी फाटकाला आतून कुलूप लागलं की निरुपयोगी होते, आणि मग टपाल फाटकाच्या गजांत खोचलेलं सापडतं.

उंचीबद्दल वर म्हटलेल्या मानकात फट जमिनीपासून ७०० ते १७०० मिमीच्या दरम्यान असावी असं आहे. ही दोन टोकं आहेत. सोयीची उंची ११०० ते १३०० मिमी, म्हणजे उभ्या माणसाच्या कोपर आणि छाती यांच्या दरम्यान. घरात चाकाच्या खुर्चीवरून वावरणारं कोणी असेल तर काढायचं दार १००० मिमीच्या खाली ठेवा. टाकायची उंची आणि काढायची उंची एकच असायला हवी असं कुठे आहे? वरून टाकायचं, मागून खालून काढायचं अशी पेटी कुंपणाच्या भिंतीत बसवली तर भर पावसात रस्त्यावर जाऊन कुलूप उघडावं लागत नाही. शक्य असेल तिथे आमची पहिली पसंती हीच.

रस्त्याकडेला खांबावर पेटी लावायची असेल तर नियम देशागणिक बदलतात, ते आपल्या टपाल कार्यालयात विचारून घ्यावेत. अमेरिकेत टपालगाडीतूनच हात बाहेर काढून टपाल टाकलं जातं, म्हणून तिथे पेटीचा तळ रस्त्याच्या पृष्ठभागापासून ४१ ते ४५ इंच आणि पेटीचं तोंड रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच मागे ठेवायला सांगतात. तिथल्या खांबाचा नियम तर कुठेही उपयोगी पडणारा आहे : लाकडी असेल तर ४ × ४ इंच, लोखंडी नळी असेल तर २ इंच व्यासाची, आणि पुरायची २४ इंचांपेक्षा खोल नाही. वाहन आदळलं तर खांबाने वाकायचं, माणसाने जखमी व्हायचं नाही. चोरीच्या भीतीने सिमेंटचा भक्कम ठोकळा ओतणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अमेरिकेतल्या पेटीचा तो ओळखीचा अर्धगोल बोगद्यासारखा आकार टपाल खात्यातल्याच रॉय जोरोलमन नावाच्या अभियंत्याने १९१५ साली काढला, आणि अजूनही तो चालतो. गोल छपरावर पाणी थांबत नाही, हा त्याचा मोठा गुण.

दारातल्या फटीचा पर्यायही आम्ही तपासला. टपाल थेट घरात पडतं, ओलं होत नाही, कुलूप लागत नाही. पण फट दाराच्या कडीपासून किमान ४०० मिमी दूर हवी, नाहीतर तार घालून कडी काढता येते. आतून जाळीची टोपली लावल्याशिवाय पाळीव कुत्र्याच्या तोंडून पत्र वाचत नाही. जमिनीलगतची फट टाळावी, रोज शेकडो घरी वाकणाऱ्या माणसाची पाठ त्यात जाते.

आता प्रत्यक्ष बसवणं. विटांच्या गिलावा केलेल्या भिंतीवर २ ते ३ किलोची पेटी बसवायला ८ मिमीचे चार प्लग आणि ५ × ७० मिमीचे चार स्टेनलेस स्क्रू लागतात. स्क्रू एवढे लांब का, तर गिलावाच १५ ते २० मिमी जाड असतो आणि त्याला काडीची ताकद नसते. ४० मिमीचा प्लग भिंतीच्या पृष्ठभागाशी बरोबर ठेवून ठोकला तर त्याचा जवळजवळ अर्धा भाग गिलाव्यात राहतो. पेटी पहिले काही महिने नीट दिसते, मग दार ओढून ओढून वरचे स्क्रू सैल होतात आणि गिलाव्याचा पोपडा निघतो. प्लग विटेत शिरेपर्यंत आत ढकलायचा. त्यासाठी भोक ७५ मिमी खोल पाडावं. ड्रिलच्या पात्याला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. पात्याबरोबर लाल भुकटी येऊ लागली की वीट लागली असं समजावं. बराच वेळ करडी भुकटीच येत राहिली तर पातं सांध्यातल्या चुना-सिमेंटात शिरलं आहे, तेव्हा जागा दोन बोटं बाजूला घ्यावी. पोकळ विटा किंवा ठोकळे असतील तर ड्रिलचा ठोका बंद ठेवून भोक पाडावं आणि पोकळीत फुगणारे प्लग वापरावेत, साधे तिथे गरगर फिरतात.

चारही भोकांच्या खुणा एकदम करू नयेत. आधी वरचं एक भोक पाडायचं, पेटी एका स्क्रूवर सैल टांगायची, पाणसळ लावून सरळ करायची आणि मग दुसऱ्या भोकाची खूण करायची. दोन वरचे घट्ट झाले की खालचे दोन. भोकातली भुकटी फुंकून न काढता प्लग घातला तर तो पुरता बसत नाही. फुंकताना डोळे मिटायचे, चष्मा असला तर बरं. पेटीची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूवर ५ मिमी जाडीचा रबरी वॉशर घातला. भिंतीची ओल त्यामुळे थेट पत्र्याला लागत नाही आणि मागे हवा खेळते.

सिलिकॉन कुठे भरायचं यावर मतं आहेत, आमचं मत पक्कं आहे : वरची कड आणि दोन्ही बाजू भरायच्या, खालची मोकळी सोडायची. चारी बाजू बंद केल्या तर मागे शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं आणि पाठीचा पत्रा आतून गंजतो. छप्पर पुढे उतरतं असावं आणि फटीच्या पुढे किमान ३० मिमी आलेलं असावं. छपराची पुढची कड खाली दुमडलेली हवी. ती नसेल तर पाण्याचा थेंब छपराच्या खालच्या अंगाने मागे सरपटत फटीपर्यंत येतो. तयार पेटीला अशी दुमड नसेल तर ॲल्युमिनियमची बारीक कोनपट्टी सिलिकॉनने चिकटवली तरी काम होतं.

पेटीच्या तळाला मागच्या दोन कोपऱ्यांत ५ मिमीची दोन भोकं पाडली, आतून बारीक जाळी लावली. जाळी नसेल तर त्या भोकांतून मुंग्या, आणि कुलपाच्या भोकातून कुंभारमाशी यायला वेळ लागत नाही. कुंभारमाशी कुलपात चिखल भरते आणि किल्ली शिरेनाशी होते. कुलपावर सरकती टिकली असलेलं कुलूप घेतलं की हा त्रास मिटतो. तळावर १० मिमी उंचीची प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी ठेवली की थोडं पाणी आलंच तरी कागद त्यात बसत नाही.

टपाल घालण्याआधी पाण्याची परीक्षा घ्यावीच. पेटीत वर, मध्ये आणि तळाला टिपकागद ठेवायचे, झारीने पाच मिनिटं वरून आणि पाच मिनिटं समोरून तिरकं पाणी सोडायचं, दहा मिनिटं थांबून दार उघडायचं. वरचा कागद ओला असेल तर फटीतून पाणी येतं आहे, मधला ओला असेल तर दाराच्या चौकटीतून, फक्त तळाचा असेल तर पाठीमागून किंवा स्क्रूच्या भोकांतून. नुसती ‘गळते’ एवढी तक्रार घेऊन सगळीकडे सिलिकॉन फासण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चोरीची शक्यता असेल तिथे फटीच्या मागे खाली झुकलेला पत्र्याचा पडदा असलेली पेटी घ्यावी. चिकटपट्टी लावलेली दोरी आत सोडून पाकिटं ओढून काढतात, त्याला हा पडदा आडवा येतो. मात्र पडदा आणि समोरची भिंत यांत ४० मिमी तरी जागा हवी, नाहीतर तो आपलंच टपाल अडवतो. टपाल रोज काढणं हा दुसरा उपाय, आणि तो जास्त भरवशाचा. भरलेल्या पेटीत वरचं पाकीट कोणाच्याही हाताला लागतं.

नावाच्या पाटीकडे लोक शेवटी वळतात, तेही उरकून टाकायला. पण टपाल चुकतं ते बहुधा पाटीमुळेच. घर क्रमांक किमान ५० मिमी उंच, पार्श्वभूमीशी ठळक विरोधी रंगात हवा, आणि पेटी फाटकापासून लांब असेल तर तो फाटकावरही पुन्हा हवा. खाली त्या पत्त्यावर ज्यांच्या ज्यांच्या नावाने टपाल येतं त्या सगळ्यांची नावं. लग्नाआधीच्या नावाने येणारी पत्रं, भाडेकरू, घरातून चालणाऱ्या व्यवसायाचं नाव, काही महिन्यांसाठी राहायला आलेला भाचा, हे सगळे. बदली पोस्टमन आला की तो पाकिटावरचं आडनाव पाटीवर शोधतो, नाही दिसलं की ‘पत्त्यावर सापडले नाहीत’ असा शेरा मारून पत्र परत पाठवतो. त्याचं चूक नाही. छापील कागद लॅमिनेट करून लावलात तर कडेने किमान ५ मिमी प्लॅस्टिक सोडा, नाहीतर कडेतून पाणी शिरतं. लाल शाई उन्हात सगळ्यांत आधी उडते, काळी टिकते. कोरलेली पाटी एकदाच लावायची आणि बदलणाऱ्या नावांसाठी तिच्याखाली सरकती पट्टी ठेवायची, ही रचना सोयीची.

इमारतीतल्या एकत्र पेट्यांत पेट्यांचा क्रम घरांच्या क्रमासारखाच ठेवा : तळमजला सगळ्यांत खाली, डावीकडून उजवीकडे चढते क्रमांक. हौसेने क्रम उलटा केला की शेजाऱ्याचं टपाल आपल्याकडे येऊ लागतं.

पेटी बसल्यावर पोस्टमनला प्रत्यक्ष भेटून दाखवावी. जुनी जागा रिकामी करावी, जुनी पेटी ‘असू दे’ म्हणून भिंतीवर ठेवू नये. दोन पेट्या दिसल्या की टपाल दोन्हीकडे पडतं. सहीचं टपाल पेटीत टाकत नाहीत, त्याची फक्त चिठ्ठी पडते, आणि टपाल कार्यालय ते ठरावीक दिवसच राखून ठेवतं. ती चिठ्ठी इवलीशी असते, जाहिरातींच्या गठ्ठ्यात चिकटून जाते. म्हणून जाहिरातीचं प्रत्येक माहितीपत्रक झटकूनच रद्दीत टाकायचं. आपल्याला जाता येणार नसेल तर दुसऱ्याला पाठवताना सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत लागते की आणखी काही, हे आधी विचारून घ्यावं.

घरात आलेल्या टपालाचे आम्ही उभ्या उभ्या तीन भाग करतो : आज कृती लागणारं, जपून ठेवायचं आणि रद्दी. रद्दीतून पत्त्याची पट्टी फाडून वेगळी करायची, कारण त्यावर ग्राहक क्रमांकही छापलेला असतो. मुदतीची नोटीस असेल तर पाकीट फेकायचं नाही, ते नोटिशीलाच टाचून ठेवायचं. आतल्या पत्रावर पाठवणाऱ्याने घातलेली तारीख असते, पण ते खरोखर कधी रवाना झालं हे पाकिटावरचा टपालाचा शिक्का सांगतो. उत्तराची मुदत कधीपासून मोजायची यावर वाद झाला तर हा शिक्का हाताशी असावा. पाकिटाच्या कोपऱ्यावर आपल्याला मिळाल्याची तारीखही पेनने लिहून ठेवतो.

आधीच्या रहिवाशाचं टपाल येत राहतं. ते उघडायचं नाही, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे. पाकिटाच्या दर्शनी बाजूला ‘येथे राहत नाहीत, परत पाठवावे’ असं लिहून, पाठवणाऱ्याचा पत्ता झाकला न जाईल असं बघून पोस्टमनच्या हाती द्यायचं. नुसतं पेटीवर ठेवून दिलं तर ते पुन्हा आतच येतं.

लांब प्रवासाला जाताना टपाल रोखून ठेवण्याची सोय बऱ्याच टपाल खात्यांत आहे. निघायच्या दिवशी अर्ज करून भागत नाही, आधी द्यावा लागतो. घर बदलताना टपाल नव्या पत्त्यावर वळवून घेता येतं, पण ती सोय मुदतीची असते, आणि कुरिअरने येणाऱ्या वस्तूंना ती लागू नसते. मुदत संपायच्या आत पाठवणाऱ्यांकडेच पत्ता बदलायला हवा. त्यासाठी वर्षभर एक वही ठेवावी आणि येणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या पाठवणाऱ्याचं नाव, आपला ग्राहक क्रमांक आणि महिना तीत लिहावा. दरमहा पत्र पाठवणारे आठवणीत राहतात. विमा, कर, वाहनाची कागदपत्रं, जुन्या ठेवी यांचं टपाल वर्षातून एकदाच येतं, आणि पत्ता बदलताना राहून जातात ते हेच.